पुराच्या सिनेमाचा ट्रेलर आणि पोस्टर : बडोद्याच्या जाणकारांनी लिहावं

बडोद्यातले विद्यार्थी लघुपटाला विषय शोधायला बसले की पूर निघतोच. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. ३१ जुलै २०१९ला तर एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. आत्ता एक गट दीड मिनिटाचा ट्रेलर आणि ए-२ पोस्टर करतोय. हाताशी फोन, गच्ची आणि थोडे पैसे. ही कामं ज्यांच्या हाताखालून गेली आहेत त्यांनी लिहावं. आठवणींपेक्षा मापं द्या, असं हे आवाहन आहे. त्याला हे माझं उत्तर.

मॉडेलकाम
घर लहान करता येतं, पाण्याचा थेंब नाही. मॉडेलमधलं पाणी खेळण्यातलं दिसतं ते त्यामुळे. १:२४पेक्षा, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागापेक्षा छोटं मॉडेल करूच नका, १:८ जमलं तर फार छान. साडेसहा फुटी दरवाजा त्या मापात पावणेदहा इंचांचा होतो.

शूटिंगचा वेग काढायला सिनेमाच्या नेहमीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमना, प्रमाणातल्या मोठ्या आकड्याच्या वर्गमुळाने गुणा. १:८ला सेकंदाला सुमारे ६८ फ्रेम, १:१६ला ९६, १:२४ला सुमारे ११८. फोनमध्ये ६८ मिळत नाहीत. १२०वर घ्या आणि एडिटिंगमध्ये जलद करा. त्या वेगाला उजेड भरपूर लागतो आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, म्हणून दिवसा गच्चीवरच. पावसाळी आभाळ हवं तर मॉडेलवर पांढरी चादर ताणा, सावल्या मऊ होतात.

नळाने पूर येत नाही, पाणी एकदम यायला हवं. ५० लिटरचे दोन टब उतरत्या पत्र्याच्या वरच्या टोकाला ठेवून दोघांनी एकाच वेळी कलंडायचे. १०० लिटर म्हणजे १०० किलो, तेव्हा टेबल मजबूत हवं आणि गच्चीची मोरी मोकळी. रंगासाठी अर्धा किलो मुलतानी माती आणि मूठभर गेरू आदल्या रात्री भिजवा, सकाळी गाळून घ्या. दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घातलं की थेंब बारीक फुटतात. त्याहून जास्त घातलंत तर नुसता फेस.

थर्मोकोलचं घर कोसळत नाही, तरंगतं. उभ्या राहणाऱ्या भिंती सनबोर्डच्या (फोमच्या कडक शीटच्या) करा. पडायची भिंत पीओपीत (प्लास्टर ऑफ पॅरिस) लाकडाचा भुसा मिसळून ओता, दोन दिवस वाळवा आणि मागून करवतीच्या पात्याने वेड्यावाकड्या खाचा पाडा. ओली राहिली तर तुटण्याऐवजी वाकते, आणि ते लगेच कळतं. अशा तीन भिंती तयार ठेवा.

एडिटिंग
वरचं सगळं खरंच करा, पण ट्रेलरमध्ये ती भिंत दीड सेकंदापेक्षा जास्त दाखवू नका. पहिली ३० सेकंदं पूर नकोच. नदी चढली की शहराचं पाणी नदीत उतरत नाही, गटारातून उलटं वर येतं. कोरड्या गल्लीत गटाराच्या झाकणाच्या भोकांतून बुडबुडे, मग ओटल्याची पहिली पायरी ओली, मग दुसरी. बडोदेकराला एवढं पुरतं. मध्ये काळ्या पाटीवर फक्त आकडे : १८ फूट, २२ फूट, २६ फूट. विश्वामित्रीवरच्या काला घोडा पुलाजवळची पातळी इथे घराघरात विचारली जाते, त्यामुळे वेगळं निवेदन लागत नाही. प्रत्येक पाटी किमान ३६ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद. २६च्या आकड्यानंतर शॉट छोटे करत न्या : ४० फ्रेम, २४, १२, ८. नावाची पाटी मात्र तीन सेकंद निवांत राहू द्या.

आवाज
भिंत पडण्याआधी १२ ते १८ फ्रेम पूर्ण शांतता ठेवा, पाऊससुद्धा बंद. मग धक्का बसतो. ४० हर्ट्झचा घुमारा फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. त्यावर त्याहून वरच्या हर्ट्झचा एक थर चढवा, ओल्या गोणपाटावर ठोकलेला हातही चालतो. सर्वांत मोठा आवाज एडिटिंगच्या मीटरवर उणे १ डेसिबलच्या खाली. इन्व्हर्टरची पिपाणी आणि बेडकं जरूर घ्या, वीज गेल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

अक्षरं आणि पोस्टर
देवनागरीत शिरोरेषा हीच पाण्याची पातळी करता येते. रेषेखालचं अक्षर गढूळ आणि किंचित हललेलं, वरच्या वेलांट्या आणि मात्रा कोरड्या, गच्चीवर चढलेल्या माणसांसारख्या. ही कल्पना मला फार आवडते, पण तिला दोन अडचणी आहेत. मातीच्या टेक्श्चरमध्ये अनुस्वार हरवतो, तो थोडा मोठा करा. आणि बडोद्यात पोस्टर गुजरातीतही लागतं. गुजरातीला शिरोरेषा नाही. तिथे पाण्याची रेघ चित्रातच आखा, भिंतीवरच्या ओलीच्या डागासारखी, आणि अक्षरं तिच्यात अर्धी बुडवा.

अक्षरं तुटत असतील, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जात असेल तर फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांचा मजकूर-पर्याय सुरू करा. छपाईला देताना अक्षरांच्या आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं चित्र करा, नाहीतर दुकानातल्या मशीनवर फाँट बदलतो.

छपाई
ए-२ म्हणजे ४२० × ५९४ मिलिमीटर. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त घ्या : ४२६ × ६००, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५०३२ × ७०८७ पिक्सेल. पडद्यावरचा चमकता निळा कागदावर मळतो, त्यामुळे आधी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत बघा. ऑफसेटला चार शाईंची बेरीज ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर काळोख वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागतो. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत. सहा फुटी फ्लेक्सला १०० डीपीआय भरपूर.

एक आग्रह
नदीकाठी शूटिंगला उतरू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि पावसाळ्यात त्या वस्तीतही येतात. नदी लांबून, पुलावरूनच घ्या. लोकांनी काढलेले खऱ्या पुराचे व्हिडिओ विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात कुणाचं तरी घर असतं. आणि ‘काल्पनिक दृश्य’ ही अक्षरं पुराच्या प्रत्येक शॉटवर हवीत, सुरुवातीच्या पाटीवर पुरत नाहीत. जुलैमध्ये दहा सेकंदांचा तुकडा कापून व्हॉट्सअॅपवर फिरला की घरातली म्हातारी माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात. अक्षरं कोपऱ्यात न ठेवता फ्रेमच्या मधल्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा. उभ्या व्हिडिओसाठी कडा कापल्या तरी ती राहतात.