गाण्यांच्या ॲपचं खातं बंद करताना: तुमचे अनुभव लिहा

शेजारच्या काकू परवा पासबुक घेऊन आल्या. "अगं, ते गाण्याचं ॲप मी कधीच काढून टाकलंय. मग दर महिन्याला हे पैसे कसले जातात?" अकरा नोंदी होत्या, अकरा महिन्यांच्या. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसे मेसेज आलेही होते, पण काकूंना त्या जाहिराती वाटल्या. यूपीआयच्या ऑटोपे यादीत मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, जिवंत होतं, ते तिथूनच रद्द केलं. फोनमधून ॲप काढणं वेगळं, सबस्क्रिप्शन थांबवणं वेगळं, आणि खातं कायमचं मिटवणं तिसरंच. यात तुमचं काय गेलं, काय वाचलं, ते इथे लिहा. दुसऱ्याला उपयोग होईल.
(वर्तकनगर, ठाणे)

मी आधी खातं मिटवायला गेलो, तर आधी सबस्क्रिप्शन रद्द करा म्हणे. ॲपमध्ये ते बटण सापडेचना. शेवटी लक्षात आलं की पैसे मी प्ले स्टोअरमधून भरायचो. मग प्ले स्टोअर, वर आपला फोटो, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, तिथून दोन मिनिटांत काम झालं. ज्या दारातून पैसे गेले त्याच दाराशी जायचं.
(ऐरोली)

खारघरला चौघी एका फ्लॅटवर राहायचो, फॅमिली प्लॅन माझ्या नावावर. लग्न ठरलं तेव्हा मी तो बंद केला आणि कुणालाच सांगितलं नाही. एकीची रात्रपाळी असायची, ती गाणी डाउनलोड करून ठेवून ऐकायची. तिच्या याद्या तशाच राहिल्या, पण डाउनलोड गेले, आणि तिला ते भर प्रवासात कळलं. मला फार वाईट वाटलं. प्लॅन तुमच्या नावावर असेल तर आधी बाकीच्यांना सांगा.
(खारघर)

माझा अनुभव थोडा मोठा आहे.

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. गडकरी रंगायतन 1978 साली सुरू झालं, तेव्हापासून तिथे लागलेलं संगीत नाटक त्यांनी सहसा चुकवलं नाही. शेवटची दोन वर्षं घराबाहेर पडणं थांबलं, तेव्हा मी त्यांना फोनवर गाण्यांचं ॲप घालून दिलं. एका बोटाने शोधून शोधून त्यांनी यादी बनवली. नाव दिलं होतं 'संध्याकाळ'. नाट्यपदं, अभंग, मध्येच चार-पाच जुनी भावगीतं. क्रम त्यांचा स्वतःचा, आणि तो बदललेला त्यांना चालायचा नाही.

ते गेल्यावर कागदपत्रांच्या धावपळीत भावाने त्यांचं सिमकार्ड बंद केलं. खातं त्याच नंबरवर होतं. फोन सुरू होता, गाणी वाजत होती, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. फक्त बँक खातं बंद करायचं होतं, तेव्हा ऑटोपेही जाणार होता. यादी आईच्या फोनवर घ्यावी म्हणून मी आधी तिच्या फोनवर लॉगिन करायला गेले, तर ओटीपी त्या बंद नंबरवर. कस्टमर केअरला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच ठरावीक उत्तर आलं.

मग बाबांचा फोन चार्जरला लावून ठेवला, लॉगआउट होऊ नये म्हणून कुणाला हात लावू दिला नाही, आणि मी आणि आई जेवणाच्या टेबलावर बसलो. मुलाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. आई एकेक नाव वाचायची, मी लिहायची. दोनशे चौदा गाणी, दोन संध्याकाळी. एक अभंग यादीत तीनदा होता. मी म्हटलं, चुकून आला असेल. आई म्हणाली, "चुकून नाही. तीनदाच लिही."

आता ती यादी आईच्या फोनवर आहे, त्याच क्रमाने. बँक खातं त्यानंतरच बंद केलं.

घरात कुणी वयस्कर असेल तर प्लेलिस्टची लिंक आजच स्वतःला पाठवून ठेवा. खात्याला ईमेलही जोडा. आणि माणूस गेल्यावर सिम सगळ्यात शेवटी बंद करा, हे मी हात जोडून सांगते.
(नौपाडा, ठाणे)

वाचून लगेच आईला फोन केला. तिच्या खात्याला ईमेल नव्हता, आत्ता जोडला.
(नेरूळ)