कार्टची लिंक नव्हे, यादीची लिंक

ऑनलाइन खरेदीची कार्ट आईला दाखवायची आहे पण खात्याचा पासवर्ड द्यायचा नाही, तर काय करायचं, असा प्रश्न इथे विचारलाय. त्यावर "कार्टच्या पानाची लिंक व्हॉट्सअ‍ॅप करा" असं एकांनी सुचवलंय, पण त्याने काम होत नाही. कार्ट तुमच्या खात्याला जोडलेली असते. तीच लिंक आईने उघडली की तिला तिची स्वतःची कार्ट दिसते, बहुतेक वेळा रिकामी.

नाशिकमध्येच मी गंगापूर रोडला, आई पंचवटीत. आम्ही अ‍ॅमेझॉनची विश लिस्ट, म्हणजे हव्या असलेल्या वस्तूंची यादी, वापरतो. वस्तू कार्टऐवजी यादीत टाकायच्या आणि यादीची लिंक पाठवायची. पाठवताना दोन पर्याय येतात: नुसतं बघता येईल, किंवा समोरच्याला भरही घालता येईल. आईला दुसरा दिलाय, त्यामुळे कुकरचं गॅस्केट ती स्वतःच टाकते. पैसे मात्र ज्याच्या खात्यातून ऑर्डर जाते तोच भरतो. शेवटी साइज, रंग आणि विक्रेता एकदा तपासाच. तिच्या पिनकोडला ती वस्तू पोचते का, तेही बघा.

आणि कळकळीने सांगते, घरातल्या माणसालासुद्धा पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका. अविश्वास म्हणून नाही. खात्यात आपले पत्ते, जुन्या ऑर्डरी, वॉलेटमधले पैसे असतात, आणि तो पासवर्ड पुढे कुणाच्या फोनवर जाईल यावर आईचाही ताबा नसतो. आधीच दिला असेल तर आजच बदला आणि सगळ्या फोनवरून लॉगआउट करा.