मदत हवी आहे: लिलावातलं अथेन्सचं घुबड घ्यावं का?

नमस्कार मंडळी. प्राचीन ग्रीक नाण्यांच्या लिलावात पहिल्यांदाच बोली लावतोय. मन बसलंय अथेन्सच्या टेट्राड्राख्मावर, म्हणजे चार ड्राख्मांच्या चांदीच्या नाण्यावर. एका बाजूला अथेना, दुसरीकडे घुबड, इ.स.पू. 5वं शतक. वजन 16.6 ग्रॅम दिलंय. अ‍ॅटिक मानाने (अथेन्सचं वजनाचं प्रमाण) 17.2च्या आसपास हवं ना? कडेला छिन्नीचा घाव आहे. त्या काळी चांदी तपासायला घातलेला असेल तर चालेल, उलट आवडेलच (काय हात फिरले असतील त्यावर!). पण आत तांबं नाही ना, हे नुसत्या फोटोवरून कसं ओळखायचं?

मालकीचा इतिहास म्हणून फक्त ‘जुना युरोपीय संग्रह’ लिहिलंय. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970चा, तर त्याआधीचा काही पुरावा मागावा का? आणि अंतिम बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, ते धरून तुम्ही मर्यादा कशी ठरवता?