चौथीतल्या मुलासाठी साहसकथा हव्यात, शेवटी 'तात्पर्य' नसलेल्या

चौथीची आई:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा बोलताना अडखळतो. 'प' आणि 'क' हमखास अडकतात. शाळेच्या व्हॅनमध्ये दोन मोठी मुलं 'प-प-प-पाणी' अशी त्याची नक्कल करतात आणि बाकीची हसतात. तक्रार केली, तर व्हॅनवाल्यांनी यालाच उचलून पुढे स्वतःच्या शेजारी बसवलं. म्हणजे जागा गेली ती याचीच, आणि चिडवायला आणखी एक निमित्त मिळालं.

पोरगं वाचनवेडं आहे. भुयार, खजिना, चोरांचा माग असलं काही हातात असलं की जेवायला दहा हाका माराव्या लागतात. पण मी मुद्दाम आणलेली 'कुणाला चिडवू नये' छापाची पुस्तकं दोन पानांत मिटतो. म्हणतो, "शेवटी सगळे सॉरी म्हणणार, मला माहितीये." थरार खरा असेल आणि वेगळं मूल नुसतं बिचारं म्हणून येणार नाही, असं मराठीत काही आहे का?

वाचनालयातल्या काकू:
तुमच्या लेकाचं अगदी बरोबर आहे. मी मिरजेत एका वाचनालयाचा बालविभाग बघते. गोष्ट आपल्याला शिकवायला बसली आहे, हा वास मुलांना लगेच येतो.

'तोत्तोचान' द्या. तेत्सुको कुरोयानागी यांचं, मूळ जपानी पुस्तक 1981 चं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, प्रकाशक नॅशनल बुक ट्रस्ट. हे शाळेचं पुस्तक म्हणून ओळखलं जातं, पण त्यातला झाडावर चढण्याचा प्रसंग मी कुठल्याही खजिन्याच्या गोष्टीइतकाच थरारक मानते. तोत्तोचान ही छोटी मुलगी, तिच्या तोमोए शाळेत प्रत्येक मुलाचं आपापलं एक झाड असतं. तिच्याच शाळेतल्या यासुआकीला पोलिओ झालेला, तो कधीच झाडावर चढलेला नाही. तोत्तोचान घरी खोटं सांगून निघते आणि त्याला आपल्या झाडावर बोलावते. शाळेच्या गड्याच्या खोलीतून शिडी ओढत आणते, पण त्याला पहिली पायरीसुद्धा जमत नाही. मग ती घडीची शिडी शोधून आणते आणि खालून ढकलत त्याला वर नेते. वर पोचल्यावर शिडी आणि फांदी यांच्यामधलं अंतर उरतंच. ती फांदीवर आडवी पडून त्याला ओढून घेते. तिथं आमच्याकडची मुलं श्वास रोखून बसतात. "पडला तर?" असं कुणीतरी विचारतंच. यासुआकीची कीव करायला कुणालाच सवड होत नाही, कारण तो स्वतः घामाघूम होऊन चढत असतो.

याच पुस्तकात ताकाहाशी आहे. त्याची उंची वाढायची थांबलेली, हातपाय आखूड. मुख्याध्यापक कोबायाशी क्रीडादिनाचे खेळच असे रचतात, की ताकाहाशी सगळ्यांत पहिला येतो. त्याला कुणी सवलत देत नाही, तो सगळ्यांसमोर खरोखर जिंकतो. बक्षीस काय, तर मुळा आणि भाज्या! यावर मुलं खूप बोलतात.

एक आधीच सांगून ठेवते, पुढे यासुआकी वारतो. ते पान लेकाजवळ बसून वाचा.

आणि जुनी मराठी बालपुस्तकं देण्याआधी स्वतः चाळा. त्यांतल्या कितीतरी पुस्तकांत जाड्या, तिरळा, तोतरा ही पात्रं फक्त हसण्यासाठी ठेवलेली आहेत. अशा मुलाच्या हाती ते पडलं तर मला सहन होत नाही.

सायकलवाला:
मी लहानपणी असाच अडखळायचो, म्हणून लिहितोय. मला फास्टर फेणेनं हात दिला. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे अंगानं काडी, सायकलवर सुसाट, आणि संकटात सुद्धा तोंडानं 'ट्टॉक्' करणारा. तो आवाज माझ्या तोंडात कधीच अडकला नाही. गल्लीत मीच सगळ्यांत मोठ्यानं काढायचो. वीस पुस्तकं आहेत, कुठलंही उचला, क्रम लागत नाही.

एक विनंती. तो बोलत असताना त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तसंच, दोघांनी एका सुरात मोठ्यानं वाचा. सोबतीनं वाचताना अडखळणाऱ्या बऱ्याच जणांची जीभ मोकळी होते, माझी व्हायची.

दोन मुलांचा बाबा:
पुस्तकं द्याच, पण व्हॅनचा प्रश्न पुस्तकावर सोडू नका. त्या दोघांच्या पालकांना वर्गशिक्षकांसमोर बोलवायला लावा, लेखी अर्ज देऊन. जागा त्या दोघांची बदलायला हवी.

काकूंच्या यादीत माझी एक भर. 'तोत्तोचान'मध्येच मासाओ नावाचा कोरियन मुलगा आहे. तो तोत्तोचानला बघून "कोरियन!" असं खेकसतो. तिची आई तिला समजावते, की त्याला स्वतःला हा शब्द इतक्यांदा शिवीसारखा ऐकावा लागलाय, की त्याला ती शिवीच वाटते. माझ्या थोरल्यानं वर्गात एकाला बोल लावले होते, तेव्हा हे पान आम्ही त्याला वाचून दाखवलं. त्यावर तो बराच वेळ प्रश्न विचारत होता.

चौथीची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज आज रात्रीच लिहिते. सायकलवाले दादा, वाक्य पुरं करण्याची सवय मला आहे, ती आजपासून बंद. काकू, 'तोत्तोचान' सलग वाचायचं की झाडाच्या प्रसंगापासून सुरुवात केली तर चालेल?

वाचनालयातल्या काकू:
खुशाल झाडापासून करा. पहिलीतच शाळेतून काढलेली मुलगी आणि आगगाडीच्या डब्यांतले वर्ग, हे कळल्यावर तो आपणहून पहिल्या पानाकडे जाईल.