झोन लहान म्हणजे अर्क कमजोर?

जिवाणू पेरलेल्या अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या थरात, छोटी खाच (वेल) पाडून अर्क घातला की तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ उमटतं, तो झोन. हळदीच्या अर्काभोवती झोन जेमतेम उमटला, म्हणजे कडुनिंबापुढे हळद फिकी, असा निष्कर्ष काढलेला वाचला, तो मला पटत नाही. हळदीतलं मुख्य द्रव्य करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ते अगारमधून पसरत नाही, वेलच्या आसपासच अडकून राहतं. झोनमध्ये मारकशक्तीइतकाच पसरण्याचा वेगही मोजला जातो. दोन वेगळ्या वनस्पतींचे झोन मिलिमीटरमध्ये शेजारी ठेवून तुलना करणं म्हणूनच चुकीचं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला आम्ही हीच चूक केली होती. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर कडुनिंबाचा झोन छान आला, आम्ही खूश. मग मॅडमनी, ज्यात अर्क काढला होता त्या मिथेनॉलची नुसती वेल लावायला सांगितली, तर तिच्याभोवतीही झोन! अर्क नीट सुकवून थोड्या डीएमएसओ या द्रावकात घेतला आणि ९६ खाचांच्या प्लेटमध्ये दुपटीने विरळ करत एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, काढली, तेव्हा कुठे तुलना करता आली. हळदीच्या रंगामुळे जिवाणू वाढल्याचा गढूळपणा दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हे रंगद्रव्य घातलं. जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. पण काही अर्क स्वतःच हा रंग बदलतात, त्यामुळे जिवाणू न घातलेली अर्काची एक रांग हवीच हवी.

प्रमाणित जिवाणू पुण्यातच, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहाकडे मिळतात. आणि बाजारातून आणलेली पानं थेट वाटायला घेऊ नका, आधी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या कार्यालयातून ओळख पटवून घ्या.