जुन्या संगणकजाळ्यासाठी कोणती कोॲक्सियल केबल घ्यावी?

प्रश्न:
आमच्या लहान कारखान्याच्या कार्यालयात मोजमाप यंत्रांना जोडलेले चार जुने संगणक आहेत. त्यांच्या नेटवर्क कार्डांना फक्त गोल बीएनसी सॉकेट असून, यंत्रांचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नसल्याने ते बदलणे सध्या शक्य नाही. पार्टिशन सरकवल्यामुळे या मार्गात सुमारे १२ मीटर नवी कोॲक्सियल केबल (मध्ये तार आणि भोवती धातूच्या जाळीचे कवच असलेली) टाकावी लागेल. दुकानदार डिश टीव्हीची आरजी-६ देतो आहे आणि ‘ही जाड आहे, म्हणजे चांगलीच’ असे म्हणतो. ती चालेल का? शिवाय, अलीकडे फाइल पाठवताना जोडणी मध्येच तुटते, ती जुन्या केबलमुळे असेल का?

पहिले उत्तर:
आरजी-६ घेऊ नका. येथे जाडीपेक्षा केबलचा इम्पिडन्स, म्हणजे धावत्या सिग्नलला होणारा ओहममध्ये मोजला जाणारा विरोध, महत्त्वाचा आहे. आपले जाळे टेनबेस-टू (एकाच कोॲक्सियल केबलवर सर्व संगणक ओळीने जोडणारे जुने इथरनेट) प्रकारचे दिसते आणि त्याला ५० ओहमची केबल लागते; आरजी-६ आणि सीसीटीव्हीची आरजी-५९ या दोन्ही ७५ ओहमच्या आहेत. ५० ओहमच्या मार्गात ७५ ओहमचा तुकडा आला की सांध्याशी सिग्नलच्या व्होल्टतेचा साधारण पाचवा हिस्सा मागे परततो आणि पुढच्या डेटात मिसळतो. दुकानात आरजी-५८ मागा, आणि तीही ए/यू किंवा सी/यू, म्हणजे जिच्या मध्यभागी एकाच जाड तारेऐवजी बारीक तारांचा पीळ असतो. केबलच्या आवरणावर छापलेली अक्षरे स्वतः वाचून मगच पैसे द्या, कारण काउंटरवर ‘कोॲक्सियल’ म्हटले की बहुधा टीव्हीचीच गुंडाळी पुढे येते. बीएनसी कनेक्टरही आरजी-५८ च्याच मापाचे घ्यावेत. आरजी-५९ चे कनेक्टर किंचित मोठे असल्याने क्रिम्प (केबलवर दाबून केलेली पकड) ढिले बसते.

दुसरे उत्तर:
वरील उत्तराशी सहमत आहे. जोडणीबद्दल थोडी भर घालतो. टी-कनेक्टर (केबलचे दोन तुकडे आणि कार्ड जोडणारा टी आकाराचा सांधा) थेट कार्डावरच बसला पाहिजे. टीपासून कार्डापर्यंत हातभर केबल ओढून ‘फांदी’ काढण्याची पद्धत अनेक कार्यालयांत दिसते, ती या जाळ्यात चालत नाही. एका सेगमेंटची (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या मार्गाची) एकूण लांबी १८५ मीटरपर्यंत, त्यावर जास्तीत जास्त ३० जोडण्या, आणि दोन टींमध्ये किमान अर्धा मीटर अंतर, या मर्यादा आपल्याला अडचणीच्या ठरणार नाहीत. आधी टर्मिनेटर, म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना लावलेले ५० ओहमचे रोधक, तपासा. सर्व संगणक बंद करून एका टोकाचा टी कार्डापासून सोडवा आणि त्याची मधली पिन व बाहेरचे कवच यांमधील रोध मल्टीमीटरने मोजा. दोन्ही टोकांचे टर्मिनेटर योग्य असतील तर सुमारे २५ ओहम दिसतील, आणि ५० च्या आसपास दिसल्यास एक टर्मिनेटर गळाला आहे किंवा केबल मध्येच तुटली आहे असे समजावे.

प्रश्नकर्ता:
मीटरवर ३० च्या किंचित वर आकडा येतो. केबल झिजली आहे का?

दुसरे उत्तर देणारे:
एका टोकाला ७५ ओहमचा टर्मिनेटर असावा, कारण ५० आणि ७५ समांतर जोडले की बरोबर ३० होतात. दोन्ही काढून वेगवेगळे मोजा. टेनबेस-टूमध्ये टक्कर (दोन संगणकांनी एकाच वेळी डेटा पाठवणे) ओळखली जाते ती केबलवरील सरासरी व्होल्टतेवरून. रोध वाढला की ही व्होल्टता चढते आणि कार्डाला नसलेली टक्कर दिसू शकते. जोडणी मध्येच तुटण्याचे कारण बहुधा हेच आहे, त्यामुळे संपूर्ण केबल बदलण्यापूर्वी टर्मिनेटर बदलून पाहावा.

तिसरे उत्तर:
या चार संगणकांपलीकडे मात्र कोॲक्सियलचा एक मीटरही वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे जाळे १० मेगाबिटच्या पुढे जात नाही आणि एक सांधा सुटला की सगळ्याच संगणकांची जोडणी बंद पडते. बाकीच्या कार्यालयासाठी कॅट-६ (पिळलेल्या तारांच्या जोड्यांची आजची नेटवर्क केबल) टाका. १०० मीटरपर्यंत ती १ गिगाबिट सहज देते. फक्त तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची स्वस्त केबल टाळा. दोन्ही जाळी जोडायची असतील, तर बीएनसी आणि आरजे-४५ (कॅट-६ चे चौकोनी तोंड) अशी दोन्ही तोंडे असलेला जुना हब (अनेक केबली एकत्र जोडणारी पेटी) वापरलेल्या सामानाच्या बाजारात शोधा. त्याचे आरजे-४५ तोंड नव्या स्विचला (कॅट-६ जाळ्यातील संगणक जोडणाऱ्या पेटीला) जोडावे, मात्र स्विच १० मेगाबिटचा वेग स्वीकारतो का, हे आधी विचारून घ्या. काही नवे स्विच तो घेत नाहीत.