मदत हवी आहे: उतरताना विमानाचं पुढचं चाक मोडलं, चूक कुणाची?

मंडळी, मी मालवणची. भाचा सेसना १७२ या छोट्या विमानावर विमान चालवायला शिकतो. एकटाच उतरत होता. मागची चाकं नीट टेकली, पुढचं टेकताच थडथडलं आणि त्या चाकाचा पाय मोडून नाक धावपट्टीवर. पंखा वाकला, पोर धड आहे, रवळनाथाची कृपा.

शिकवणारे म्हणतात, यानेच नाक आपटलं. हा म्हणतो, थरथर आधीपासून होती, वहीत लिहिलीही होती. ही थरथर दाबायला तेलाचा छोटा डॅम्पर असतो. तेल गळलं किंवा टॉर्क लिंकचे (चाक सरळ धरून ठेवणाऱ्या जोडदांड्यांचे) बोल्ट झिजले की चाक असं थरथरतं, एवढं मला कळलंय. (खाऱ्या वाऱ्यात आमचं होडीचं इंजिन कुठे टिकतं!)

मोडलेल्या भागावरून जुनी झीज की आत्ताचा धक्का, हे ओळखता येतं का? देखभालीच्या नोंदी कशा मागायच्या? गणपतीला घरी आलाय, पण मोदकालाही हात लावत नाही.